आधी टेप काढ, राजीनामा नंतर

ताई, मी ३४ वर्षांची आर्किटेक्ट. पुण्यातल्या एका मोठ्या ऑफिसात नोकरी करते. काम म्हणजे टॉवरमधल्या टॉयलेटची डिटेल्स आणि पार्किंगचे नकाशे. सासर वाईचं. तिथला जुना वाडा बिल्डरला द्यायचं ठरलंय. गणपतीत गेले असताना माळा आवरायला म्हणून चढले आणि तिथेच बसले. पेटारे, सागवानी झोपाळा, लांब हातांची आरामखुर्ची, एक शिसवी कपाट, देव्हारा. टेप काढून मोजायला लागले, ते वेड अजून उतरलेलं नाही. आता सुट्टीच्या दिवशी जुना बाजार नाहीतर म्युझियम, रात्री वाचन. नोकरी सोडून फक्त जुन्या फर्निचरचा अभ्यास करावा असं वाटायला लागलंय. परदेशात असे आर्किटेक्ट होऊन गेलेत, असं वाचलं. नवरा म्हणतो, "आता लोक मला भंगारवालीचा नवरा म्हणणार." चेष्टा आहे, पण टोचते. असं आयुष्य खरंच जगता येतं का, की मी नुसती नोकरीला कंटाळलेय? जाता जाता: धाकटे दीर सगळं सामान एका दुकानदाराला ठोक भावात देणार आहेत, दिवाळीआधी.
— स., पुणे

प्रिय स.,

आयुष्याचा प्रश्न तू पानभर लिहिलास आणि दिवाळीआधी ट्रक लागणार ही बातमी "जाता जाता" म्हणून शेवटी टाकलीस. मी उलट्या क्रमाने उत्तर देते. आयुष्याचं बघायला वेळ आहे, ट्रकचं नाही.

दिरांशी भांडू नकोस. वाडा सगळ्यांचा, सामान सगळ्यांचं, आणि बिल्डरशी बोलणी झालेल्या घरात भावनेच्या जोरावर कुणी काही अडवून धरलंय असं मी तरी पाहिलेलं नाही. तू फक्त मुदत माग. त्यांना सांग, "प्रत्येक वस्तूचा फोटो आणि माप घेऊन यादी करते, एक प्रत तुम्हाला देते, म्हणजे दुकानदार टोपी घालणार नाही." ठोक भावाचं गणित त्यांच्या भाषेत समजाव. त्या ढिगातल्या दोन-तीन वस्तूंतच सगळे पैसे वसूल होतील आणि बाकीचं फुकटात पडेल, असा हिशेब असल्याशिवाय कुणी ठोक भाव देत नाही. त्या दोन-तीन कोणत्या, हे यादी हातात असली की विचारता येतं. दिरांना तुझा अभ्यास पटला नाही तरी भाव पटेल, आणि सध्या तेवढंच पुरे.

आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घाल. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर किंवा त्याहून जास्त वर्षांची कलाकुसरीची वस्तू पुरावशेष धरली जाते. तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून घेणाऱ्याकडे परवाना आहे का, एवढं विचारायला सांग. या एका प्रश्नाने पुष्कळदा गिऱ्हाइकाचा सूर बदलतो. कपाटावर किंवा एखाद्या पेटीवर पांढरी जडवणूक असेल तर ती हाडाची की हस्तिदंताची, हे जाणकाराला दाखवल्याशिवाय ती वस्तू घराबाहेर काढू नका. हस्तिदंताची विक्री वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. ती वडिलोपार्जित आहे म्हणून कायदा डोळेझाक करत नाही.

आता मोजणीचं. हे तुला यायला हवं. तिसऱ्या-चौथ्या वर्षाला कॉलेजने कुठल्यातरी गावात नेऊन देवळाचं नाहीतर वाड्याचं मेझर्ड ड्रॉइंग करून घेतलं असेलच. तेच कर, फक्त वस्तू लहान आहे आणि चुकायला जागा कमी आहे. लांबी-रुंदी-उंची लिहून थांबू नकोस. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन काढ. जोड जिथे सैल झालाय तिथे आत डोकाव, कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) किती लांब आहे, खाच आरपार आहे की आंधळी, पाचर मारलीय का, ते रेखाट. नक्षीच्या पट्टीचा छेद मऊ तार दाबून उचल आणि कागदावर एकास एक काढ. फोटोवर विसंबू नकोस. फोटोत सगळी कपाटं सारखी दिसतात.

आणि उलटं करून बघ. जुन्या वस्तूचा दर्शनी भाग सगळ्यांनी मिळून खोटा केलेला असतो. कुणी पॉलिश मारलंय, कुणी ऑइलपेंट, कुणी मधल्या काळात सनमायका ठोकलाय. पालथ्या बाजूला मात्र कुणी हात लावलेला नसतो. झोपाळ्याच्या फळीखाली टॉर्च तिरका धर. करवतीच्या खुणा सरळ, थोड्या वाकड्यातिकड्या, अंतर कमीजास्त असलेल्या दिसल्या तर फळी दोन माणसांनी हाताने ओढून कापलेली असण्याचा संभव आहे. खुणा कमानीसारख्या गोल दिसल्या तर ती गोल पात्याच्या गिरणीतून आली. बिजागरीचा एखादा स्क्रू हलक्या हाताने काढ. टोक बोथट, आटे वेडेवाकडे आणि डोक्यावरची खाच मध्यभागी नसेल तर तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आधीच्या घडणीचा असू शकतो. टोकदार स्क्रूचं यंत्रावरचं उत्पादन त्या सुमारास सुरू झालं. फुलीच्या खाचेचा स्क्रू मिळाला तर ती दुरुस्ती १९३० च्या दशकाच्या अलीकडची. कपाट जुनं आणि बिजागरी नवी, असंही असतं. वस्तूला एकच वय असतं हा समज पहिल्याच दिवशी सोडून दे.

आरामखुर्चीच्या कातीव पायाला कॅलिपर लाव. एका दिशेने माप घे, मग काटकोनात फिरवून घे. एक-दीड मिलिमीटरचा फरक आला तर चमकू नकोस. कातारी पाय गोलच काढतो. पण लाकूड वर्षानुवर्षं आकसत राहतं आणि सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही, त्यामुळे गोल हळूहळू लंबगोल होतो. बोटांना हे कळत नाही, कॅलिपरला कळतं. हा पुरावा म्हणायचा नाही, खूण म्हणायची. ओल्या लाकडाची नवी वस्तूही असं करते. पण अशा चार-पाच खुणा एकाच बाजूला बोट दाखवायला लागल्या की वय सांगायचं धाडस करता येतं. तोपर्यंत "पेशवेकालीन" हा शब्द यादीत लिहू नकोस. आपल्याकडे प्रत्येक वाड्यातली प्रत्येक वस्तू पेशव्यांनी कुणाच्या तरी खापरपणजोबांना दिलेली असते. पेशव्यांनी एवढं फर्निचर वाटलं असतं तर त्यांना राज्य करायला वेळ उरला नसता.

सासूबाईंना माळ्याखाली बसव आणि वरून एकेक वस्तू सांगत जा. कोणत्या खोलीत होती, कुणाच्या लग्नात आली, पेटाऱ्यात काय ठेवायचे, सुतार कोणत्या आळीतला होता. जे सांगतील ते जसंच्या तसं लिही, तारखेसह, त्यांच्या शब्दांत. लाकूड आणखी पन्नास वर्षं टिकेल, ही माहिती त्यांच्याबरोबर जाईल. आणि तोवर पॉलिशवाल्याला वाड्याच्या पायरीवरही चढू देऊ नकोस.

आता तुझा मोठा प्रश्न. होय, असं आयुष्य जगलेली माणसं आहेत. पण ती कशी जगली, हे तू वाचलं नाहीस असं पत्रावरून वाटतं. वाचलं असतंस तर राजीनाम्याचा विचार इतक्या लवकर डोक्यात आला नसता.

डेन्मार्कचं उदाहरण घे, कारण ते सगळ्यात सुखाचं आहे. कोपनहेगनच्या रॉयल अकादमीत १९२४ साली फर्निचरचा विभाग सुरू झाला. तो कोरे क्लिंट यांनी घडवला. ते विद्यार्थ्यांना जुन्या खुर्च्या मोजायला लावायचे. अठराव्या शतकातली इंग्रजी खुर्ची घ्यायची, माप घ्यायचं, रेखाटायची, माणसाचं शरीर तिच्यात कसं बसतं ते बघायचं, आणि मग आजची खुर्ची काढायची. घरातली ताटं-वाट्या आणि कपडे मोजून कपाटाची मापं ठरवायची, हेही त्यांचंच. त्यांच्या हाताखाली ओले वान्शर तयार झाले. जन्म १९०३, मृत्यू १९८५. क्लिंट गेल्यावर अकादमीतली त्यांची खुर्ची वान्शरना मिळाली, शब्दशः आणि एरवीही. वान्शर आर्किटेक्ट, फर्निचर डिझायनर आणि जुन्या फर्निचरचे इतिहासकार असे तिन्ही होते. प्राचीन इजिप्तमधलं घडीचं आसन अभ्यासून त्यांनी काढलेलं स्टूल आजही बनतं आणि विकलं जातं. हे आयुष्य हेवा वाटावं असंच आहे. पण त्याच्या तळाशी काय होतं ते बघ: स्वतःचं डिझाइनचं ऑफिस, उत्तम सुतारांबरोबरचं काम आणि प्राध्यापकाचा पगार. अभ्यास या सगळ्याच्या मधल्या जागेत झाला. नुसत्या जुन्या खुर्च्यांवर वान्शरही जेवले नाहीत.

दुसरं उदाहरण चीनचं, आणि मला ते जास्त जवळचं वाटतं, कारण तिथे सुख फार नव्हतं. १९४४ साली, जपानी ताब्यातल्या बीजिंगमध्ये, गुस्टाफ एके नावाच्या जर्मन प्राध्यापकाने चिनी घरगुती फर्निचरवर एक पुस्तक काढलं. प्रती फक्त दोनशे. त्या पुस्तकाचं मोल आजही टिकलंय ते त्यातल्या आरेखनांमुळे. चीनच्या मिंग राजवटीतल्या खुर्च्या आणि मेजं सुटी करून त्यांचे सांधे उघडून दाखवलेले आहेत. खिळा नाही, खाचेत कुसू आणि त्यात आणखी एक कुसू. ही आरेखनं काढणारा माणूस म्हणजे यांग याओ, जन्म १९०२, पेशाने वास्तुरचनाकार. मुखपृष्ठावर नाव एके यांचं. यांग पुढेही मिंग फर्निचरवर लिहीत राहिले. १९७८ मध्ये ते वारले आणि त्यांचं लिखाण-आरेखन पुस्तकरूपाने आलं ते त्यानंतर. तुझ्या स्वप्नातल्या माणसाचं सगळ्यात नेमकं उदाहरण हेच आहे, स. हे पचत असेल तर पुढे वाच.

याच गोष्टीचा तिसरा माणूस वांग शिश्यांग. हे आर्किटेक्ट नव्हते, पण १९४३ साली ते ज्या संस्थेत रुजू झाले ती चिनी वास्तुकलेच्या संशोधनाची होती. ल्यांग सिचंग यांच्यासारखे वास्तुकार तिथे जुनी लाकडी देवळं मोजत होते. वांग तिथे इमारती वाचायला शिकले आणि मग तीच नजर त्यांनी खुर्चीवर लावली. त्यांची मांडणी अशी: मिंग फर्निचरची दोन घराणी. एकाला फळीखाली कंबर नाही, गोल पाय किंचित बाहेर फाकलेले. हे लाकडी इमारतीच्या खांब-तुळयांवरून आलं, तिथेही खांब तसेच जरा आत कललेले असतात. दुसऱ्या घराण्याला कंबर आहे, म्हणजे फळी आणि पाय यांच्यामध्ये आत गेलेली पट्टी. ती आली बौद्ध वास्तूतल्या पीठावरून, ज्याला चीनमध्येही सुमेरूचंच नाव आहे. आपल्याकडून गेलेला मेरू पर्वत चिनी टेबलाच्या कंबरेत जाऊन बसला, हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवून चहा करून आले.

वांग यांचं आयुष्य मात्र चहा पीत वाचण्यासारखं नाही. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला खोट्या आरोपावरून तुरुंग, निर्दोष ठरूनही संग्रहालयातली नोकरी गेली ती गेलीच, मग उजव्या विचारांचा म्हणून शिक्का, मग सांस्कृतिक क्रांतीत खेड्यावर श्रमाला रवानगी. या सगळ्यात सायकलवरून हिंडून ते मोडकं फर्निचर गोळा करत राहिले. घर इतकं भरलं की भूकंपाच्या दिवसांत ते जुन्या कपाटात झोपले. फर्निचरवरचं त्यांचं पहिलं मोठं पुस्तक १९८५ साली आलं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. पुढे त्यांच्या संग्रहातल्या ७९ वस्तू शांघायच्या संग्रहालयात गेल्या. आणि हे नवऱ्याला वाचून दाखव: त्यांच्या पुढच्या ग्रंथातली रेखाटनं त्यांच्या पत्नीने, युआन छ्वानयो यांनी काढली. त्या मुळात संगीताच्या अभ्यासक होत्या. घरातल्या एकाला खूळ लागलं की दुसऱ्याने पेन्सिल उचलायची, अशीही घरं असतात.

लांब कशाला जायचं, पुण्यातच बघ. दिनकर केळकरांचं संग्रहालय तू दहादा पाहिलं असशील. दरवाजे, पेट्या, दिवे, अडकित्ते, हजारो वस्तू. केळकरांचा पोटापाण्याचा धंदा काय होता? चष्म्याचं दुकान. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवून जे मिळायचं त्यात पदरमोड करून ते गावोगाव हिंडले. दुकान बंद करून हिंडले असते तर बहुधा संग्रहालय उभंच राहिलं नसतं.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. नोकरी आत्ता सोडू नकोस. तुला टॉयलेटच्या डिटेल्सचा कंटाळा आलाय हेही खरं आणि फर्निचरचं वेड खरं हेही खरं. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि कोणतं किती हे रिकाम्या बँक खात्यावर बसून कळत नाही. हा अभ्यास वर्षांचा आहे. वर्षं विकत घ्यायला पगार लागतो. आठवड्याला चार दिवसांची व्यवस्था मिळते का बघ. ऑफिसने नाही म्हटलं तर छोट्या ऑफिसात जा, एखाद्या कॉलेजात आठवड्यातून दोन तास शिकव. काही झालं तरी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन चालू ठेव. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करणाऱ्या आर्किटेक्टकडे जागा मिळाली तर टॉवर सोडायला हरकत नाही, पगार कमी असला तरी. तिथे सुतारांशी रोज गाठ पडेल, आणि या विषयातलं अर्धं शिक्षण सुताराच्या पटाशीशेजारी बसून होतं.

विकण्याच्या धंद्यात मात्र पडू नकोस. मोह होईल. दोन वर्षांत तुझी नजर दुकानदारापेक्षा बरी होईल आणि लोक विचारायला लागतील, "हे किती जुनं? कितीला जाईल?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर दे, दुसऱ्याचं देऊ नकोस. जी वस्तू तू विकणार आहेस तिचं वय तू प्रामाणिकपणे कमी सांगशील, यावर मी विश्वास ठेवणार नाही, आणि कुणी ठेवूही नये. जमवण्याच्या नादालाही जरा लगाम घाल. पुण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये वांग शिश्यांग व्हायला गेलीस तर नवऱ्याला खरंच कपाटात झोपावं लागेल. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर जरूर जा, पण पाकीट घरी ठेवून, वही घेऊन.

तू कशावर काम करावंस, हे तू विचारलं नाहीस, पण खरा प्रश्न तोच आहे. इंग्रजी अमदानीतल्या फर्निचरवर चांगलं काम झालेलं आहे. अमीन जाफर यांनी २००१ साली ब्रिटिश हिंदुस्थान आणि सिलोनमधल्या फर्निचरची भली मोठी सूची प्रसिद्ध केली, तीत विशाखापट्टणची हस्तिदंती कामं आहेत, मुंबईचं कोरीव शिसवी आहे. ती कुठूनही मिळव. गोव्याच्या पोर्तुगीज वळणाच्या कपाटांकडे आणि खुर्च्यांकडेही अभ्यासकांचं लक्ष गेलंय. गुजरातेत अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या एका केंद्राने इंग्लंडमधल्या नॉरिचच्या एका संस्थेबरोबर गावोगाव फिरून घरगुती पटारे, पाळणे, माच्या यांची मापासकट नोंद केली. आपल्या देशावरच्या वाड्यातल्या पाट, चौरंग, फडताळ, देव्हारा, पेटारा यांवर तसं काम मला फार दिसत नाही. आपली बैठक जमिनीवरची, लोड-तक्क्यांची. खुर्ची दिवाणखान्यात आली ती बरीच उशिरा आणि थोडी अवघडून. त्यामुळे "फर्निचर" म्हणून आपण शोधायला गेलो की खुर्च्या-टेबलंच शोधतो आणि पाटाकडे बघत नाही.

आणि इथे तुझी पदवी कामाला येते. वाईच्या वाड्यात सुरूचे, म्हणजे सुरूच्या झाडासारखे निमुळते कोरलेले खांब आहेत का? असतील तर त्यांचा तळ, केळफुलाचं वळण, दोन खांबांमधली महिरप हे सगळं एकाच प्रमाणात काढ. मग देव्हाऱ्याची महिरप त्याच प्रमाणात मोठी करून शेजारी ठेव. चौरंगाच्या पायाचा छेद खांबाच्या तळाच्या छेदाशेजारी ठेव. वाडा बांधणारा सुतार आणि देव्हारा करणारा सुतार एकच होता का, की देव्हारा पुण्याच्या बाजारातून तयार आला? भिंतीतलं फडताळ आणि बाहेर उभं केलेलं कपाट यांच्या दारांची मापं जुळतात का? याचं उत्तर एका वाड्यातून मिळणार नाही, पण वीस वाड्यांतून काहीतरी दिसायला लागेल. कला-इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न सुचला तरी त्याला ते छेद काढता येणार नाहीत. दुकानदाराला काढता आले तरी त्याला प्रश्न पडणार नाही. तुला दोन्ही येतं. शिवाय बिल्डरच्या जेसीबीने खांब आणि देव्हारा यांची ताटातूट केली की ही तुलना कायमची गेली, म्हणून सामान हलण्याआधी वाड्याचाही प्लॅन काढ आणि प्रत्येक वस्तू कुठे उभी होती त्या जागी तिचा नंबर टाक. दुकानात गेलेलं कपाट सुंदर दिसतं, पण ते कुठल्या खिडकीशेजारी होतं हे त्याला सांगता येत नाही.

पुढे जमलं तर पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दफ्तरात बस. रोजकीर्दींत सुतारांची मजुरी, लाकडाची खरेदी असं काही सापडतं का बघ. त्यासाठी मोडी यायला हवी. मोडीचे वर्ग पुण्यात चालतात, नाव घाल. शिसवाचं लाकूड ओळखायला वनखात्यातल्या किंवा वखारीतल्या जुन्या माणसाला गाठ. मिंग खुर्च्यांचं ते नावाजलेलं सोनेरी लाकूड आपल्या शिसवाचंच भावंड आहे, एकाच वंशातलं. आणि हो, २०१७ पासून या सगळ्या वंशावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत, तेव्हा कुणी परदेशस्थ नातेवाईक "एक पेटी मला पाठव गं" म्हणाला तर आधी नियम बघ. पेटी शंभरीच्या पुढची असेल तर प्रश्नच मिटला.

नवऱ्याच्या चेष्टेचं मी फार मनावर घेणार नाही. भंगारवालीचा नवरा म्हणवून घ्यायला तो घाबरत नाहीये. घरात आधीच हप्ते आहेत आणि बायको पगार सोडायच्या गोष्टी करतेय, हे त्याला सरळ म्हणता येत नाहीये. त्याला आकडा दे. वर्षभर नोकरी सोडणार नाही, महिन्याला अमुक रकमेपलीकडे यावर खर्च करणार नाही, घरात एकापेक्षा जास्त वस्तू आणणार नाही, असं लिहून दे हवं तर. मग वाईला जाताना त्याला बरोबर ने आणि टेपचं दुसरं टोक धरायला लाव. सहा फुटी कपाट एकट्याने मोजता येत नाही.

ती एक वस्तू कोणती आणायची, यावर तुमची चर्चा होईलच. तुझा डोळा झोपाळ्यावर असणार. झोपाळा मागू नकोस. तुमच्या फ्लॅटच्या स्लॅबमधून कड्या सोडायच्या म्हणजे काय भानगड, ते तुला मी सांगायला नको, आणि सोसायटीचा सेक्रेटरी ते तुला सांगेलच. शिसवी कपाट दिरांना विकू दे. त्यालाच खरा भाव येईल आणि ते खूश होतील. तू देव्हारा माग. देवांचं म्हटल्यावर कुणी नाही म्हणत नाही, आणि तुझ्या कामाला लागणारी महिरप त्यालाच आहे.

तुझी,
ताई